दोन बारांमधला वेळ

जुन्या लष्करी बंदुकांची ओळख संग्रहालयाच्या काचेतून अर्धीच होते. लांबी, वजन, नळीचा व्यास, बनावटीचे साल एवढे पाटीवर लिहिता येते. ती बंदूक भरायला किती वेळ लागतो, खांद्याला धक्का केवढा बसतो, बार झाल्यावर धुरातून समोरचे काय दिसते, हे मात्र ती चालवल्यावरच कळते. यांतही सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. एक बार झाल्यापासून दुसरा होईपर्यंत जो वेळ जातो, त्यावर शिपायाची कवायत ठरली, पलटणीची रांग ठरली, संगिनीची गरज ठरली आणि पुढे शिपायाने उभे राहायचे की जमिनीला पोट लावायचे, हेही ठरले. चांदमारीच्या मैदानावर अशी बंदूक हाती घेणाऱ्याला पहिला धडा या वेळेचाच मिळतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात या इतिहासाच्या खुणा थोड्या थोड्या अंतरावर सापडतात. सह्याद्रीच्या कुशीत रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे तीन किल्ले एका ओळीत उभे आहेत. रसाळगडावर झोलाईच्या देवळाच्या परिसरात आणि माथ्यावर डझनाहून अधिक लोखंडी तोफा आजही आहेत. तालुक्याच्या पश्चिमेला दापोली. तिथे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची छावणी होती आणि त्यावरून ‘कॅम्प दापोली’ हे नाव पुढे कितीतरी वर्षे लोकांच्या तोंडी राहिले. कोकणी मराठा आणि महार शिपायांची मुंबई इलाख्याच्या सैन्यात मोठी भरती होत असे. मंडणगडजवळच्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले होते. आणि भातशेतीला लागून असलेल्या घरांत, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक कोकणात अजून आढळते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे लष्करी तंत्र इथे वस्तुसंग्रहालयात गेलेले नाही, ते शेताच्या कामात आहे.

भारतात कोणती बंदूक कोणाला चालवता येते, हे कायद्याने बांधलेले आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३व्या कलमात दोन बंदुकांचा वेगळा उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी लागणारी ठासणीची बंदूक ही एक, आणि रायफल क्लबच्या किंवा संघटनेच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी लागणारी पॉइंट टू-टू रायफल किंवा हवेची बंदूक ही दुसरी. लष्करी गोळी वापरणारी थ्री नॉट थ्री रायफल सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही. त्यामुळेच ईशापूरच्या सरकारी शस्त्रकारखान्याने नागरिकांसाठी ०.३१५ इंची शिकारी रायफल बनवली. तिचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारी सरकती दांडी, थ्री नॉट थ्रीच्याच घराण्यातला आहे, गोळी तेवढी वेगळी. जुन्या लष्करी बंदुका हौसेने चालवण्याची सोय मुख्यत्वे परदेशात आहे. युरोप-अमेरिकेत त्यासाठी खास मैदाने आहेत आणि ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धाही भरतात. या स्पर्धांचा नियम बोलका आहे. १३ गोळ्या झाडायला ३० मिनिटे मिळतात आणि त्यांतल्या उत्तम १० धरल्या जातात. म्हणजे प्रत्येक बारासाठी सव्वादोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ. शत्रू अंगावर येत नसताना, नीट नेम धरून, नळी पुसत पुसत काम करायचे तर एवढा वेळ लागतोच.

अशा मैदानांवर सर्वांत जुनी हाती येते ती तोड्याची बंदूक. सोरमिठाच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी, तिच्या चिमट्यात अडकवलेली असते आणि ती सतत धुमसत ठेवावी लागते. बंदूक उभी धरायची, मोजलेली दारू तोंडातून ओतायची, वर शिशाची गोळी टाकायची आणि गजाने बुडापर्यंत ठासायची. ‘ठासून सांगणे’ आणि ‘ठासणीची बंदूक’ यांतले क्रियापद एकच. मग नळीच्या बुडाशी बाजूला असलेल्या खळग्यात बारीक दारूची चिमूट, म्हणजे रंजक, घालायची, झाकण लावायचे, जामगीची राख फुंकायची, झाकण उघडायचे, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. जळती दोरी खळग्यात टेकते, रंजक भपकन पेटते, तिची ज्वाला छोट्या छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोहोचते आणि मग बार होतो. ठरलेल्या क्रमाने हात चालणाऱ्या माणसालाही याला मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. नवख्याची अडचण तर वेगळीच असते. हातात पेटती दोरी, कमरेला दारूचे शिंग, आणि या दोहोंत वितीएवढे अंतर. दारू ओतताना जामगी धरलेला हात लांब ठेवण्याची सवय ही या बंदुकीची पहिली कवायत होती.

काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपाने उरतो. यातला काही धूर बनून समोर पडदा धरतो आणि काही नळीला आतून काजळीसारखा चिकटतो. दहा-पंधरा बारांनंतर गोळी ठासायला जोर लागू लागतो. रसाळगडावरच्या तोफांचा न्यायही हाच होता, फक्त माणसे जास्त लागत. ओल्या पोतेऱ्याने नळी पुसून आतला निखारा विझवणे हे तिथे दारू भरण्याइतकेच महत्त्वाचे काम होते, कारण एखादा कण आत जळत राहिला तर पुढची दारू भरणाऱ्याच्या अंगावरच उडायची.

नेमाबद्दल बराच गैरसमज आहे. गुळगुळीत नळीच्या बंदुकीने काहीच लागत नाही, असे सरसकट म्हटले जाते. ऑस्ट्रियातील ग्राझच्या जुन्या शस्त्रागारातील सोळाव्या ते अठराव्या शतकांतल्या बंदुका १९८८-८९ मध्ये शास्त्रीय पद्धतीने चालवून पाहण्यात आल्या. बंदुका घट्ट आवळून बसवल्या होत्या, त्यामुळे माणसाच्या हाताचा थरकाप हिशेबात नव्हता. गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगाने बाहेर पडत होती आणि १०० मीटरवरच्या माणसाएवढ्या लक्ष्यावर साधारण निम्म्या गोळ्या लागत होत्या. वेगात ही जुनी बंदूक मुळीच कमी नाही. कमी पडते ती गोल गोळी, कारण हवेच्या विरोधाने तिचा वेग झपाट्याने गळतो, आणि नळीत सैल बसत असल्याने ती कोणत्या बाजूला टेकून बाहेर पडेल हे ठरलेले नसते. म्हणून एकट्या शिपायाचा नेम सुधारण्यापेक्षा शंभर शिपायांना एका ओळीत उभे करून एकदम बार काढणे त्या काळी शहाणपणाचे होते.

चकमकीच्या बंदुकीने तोडा संपवला. घोड्याच्या जबड्यात गारगोटी, समोर पोलादी पट्टी, दोन्ही आपटले की ठिणग्या खाली रंजकेत पडतात. इंग्रज कंपनीच्या सैन्यातली ‘ब्राउन बेस’ ती हीच, पाऊण इंच व्यासाच्या नळीची. दारू आणि गोळी एकाच कागदी पुडीत बांधलेली असल्याने सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढू शके. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत भीमेच्या काठी मुंबई पलटणीच्या शिपायांनी दिवसभर लढत दिली ती याच बंदुकीने. महादजी शिंदे यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली उभ्या केलेल्या कंपूंनाही चकमकीच्या बंदुकीची कवायत शिकवलेली होती. वीस सेकंदांत घोडा किती अंतर तोडतो याचा हिशेब केला, तर बंदुकीच्या टोकाला संगीन का हवी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

चकमकीची बंदूक पहिल्यांदा चालवणाऱ्याचा नेम हमखास चुकतो आणि कारण डोळ्यांत असते. चाप ओढल्यावर गालापासून वितीवर भडका उडतो आणि बार त्यानंतर क्षणभराने होतो. तेवढ्यात मान आपोआप मागे जाते. कित्येकदा भडका उडतो आणि बार होतच नाही. फुसका बार हा शब्द मराठीत बोलण्यापुरता राहिला असला, तरी रणांगणावर तो जिवाशी खेळ होता. पावसात तर दोन्ही प्रकारच्या बंदुका जवळजवळ निकामी. ओली रंजक पेटत नाही, ओली जामगी विझते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघण्यामागे चारा, नद्यांचे उतार आणि चिखल ही कारणे होतीच. कोरडी दारू हे त्यांतलेच आणखी एक.

हा प्रश्न सोडवला केपने. अलेक्झांडर फॉरसाइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग बंदुकीसाठी करण्याचा हक्क नोंदवला. पुढे त्यातून तांब्याची छोटी टोपी आली. ती टोपी नळीच्या बुडाशी असलेल्या बोंडावर बसवायची आणि घोडा तिच्यावर आपटायचा. उघडी रंजक गेली, भडका गेला आणि पावसाचा धाकही बराच गेला. कोकणातल्या शेतकऱ्याने हीच बंदूक का राखली, हे भाताच्या दिवसांकडे पाहिले की कळते. रानडुकरे शेतात उतरतात तेव्हा भाद्रपद-आश्विन असतो, दाणा भरत असतो आणि पाऊस गेलेला नसतो.

लष्करात केप पूर्ण रुजते न रुजते तोच १८५३ ची एनफिल्ड रायफल आली. नळी ०.५७७ इंची आणि आतून पेचदार. गोळी लांबट, मागे पोकळ. दारूच्या दाबाने तिचा मागचा भाग पसरतो आणि पेचांत घट्ट बसतो, त्यामुळे भरताना गोळी सैल आणि उडताना घट्ट अशी दुहेरी सोय झाली. माणसाएवढ्या खुणेवर १०० मीटरवरून मारा करताना जुन्या बंदुकीत आणि हिच्यात जो फरक जाणवतो, तो या साऱ्या मालिकेतला सर्वांत मोठा आहे. हिच्याच काडतुसाची कागदी पुडी दातांनी फाडावी लागे आणि तिला लावलेल्या चरबीवरून १८५७ चा वणवा पेटला. भरण्याचा वेळ मात्र कमी झाला नाही. गोळी अजून तोंडातूनच जात होती आणि त्यासाठी शिपायाला उभेच राहावे लागत होते. लढाईच्या गोंधळात या क्रमाचे काय होते, त्याचा पुरावा अमेरिकेतल्या यादवी युद्धातून मिळतो. १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानावरून २७ हजारांवर बंदुका गोळा झाल्या. त्यांतल्या सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या आणि भरलेल्यांपैकी निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले होते. बार झाला नाही हे आजूबाजूच्या आवाजात कळलेच नाही आणि हात सवयीने पुढची पुडी फाडत राहिले.

१८५७ नंतर इंग्रजांनी एक सावध धोरण ठेवले. हिंदी शिपायाच्या हातातली बंदूक गोऱ्या शिपायाच्या बंदुकीपेक्षा एक पिढी मागची असे. एनफिल्डसारखीच दिसणारी पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक मुद्दाम बनवून हिंदी पलटणींना देण्यात आली. गोऱ्यांकडे मागून भरायची मार्टिनी-हेन्री आल्यावर तिच्या आधीची स्नायडर हिंदी पलटणींकडे उतरली आणि गोऱ्यांकडे लहान व्यासाची मॅगझिन रायफल आल्यावर मार्टिनी. कोकणातल्या ज्या शिपायाने एकोणिसाव्या शतकात तीस-पस्तीस वर्षे चाकरी केली, त्याच्या हातून यांतल्या दोन-तीन बंदुका तरी गेल्या असणार.

स्नायडर म्हणजे एनफिल्डचीच नळी, पण बुडाशी कापून तिला बाजूला उघडणारे झाकण बसवलेले. आता धातूचे काडतूस मागून भरता येई आणि मिनिटाला दहा बार निघत. यापेक्षा मोठा बदल असा की, शिपाई पालथा पडून भरू शकत होता. चारशे वर्षे उभ्याने लढणारा पायदळाचा माणूस जमिनीला चिकटला, तो गोळी मागून भरता येऊ लागली म्हणून. मार्टिनी-हेन्रीत दस्त्याखालचा दांडा खाली ओढला की मागचा ठोकळा उतरतो आणि जळके काडतूस बाहेर पडते. तिची शिशाची गोळी सुमारे ३१ ग्रॅमची आणि दारू पाच ग्रॅमच्या वर. धक्क्याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. गोळीचे वजन आणि तिचा वेग यांचा गुणाकार जेवढा, तेवढाच नेट बंदूक मागे खांद्याला देते, त्यात दारूच्या वायूंची भर वेगळी. मार्टिनीचा हा आकडा थ्री नॉट थ्रीच्या सुमारे दीडपट भरतो. नळीत काजळी साचली की धक्का आणखी वाढतो. पाच-सहा बारांनंतर चालवणारा चाप ओढण्याआधीच खांदा चोरू लागतो आणि नेम बिघडतो, तो बंदुकीमुळे नाही, या भीतीमुळे.

यानंतरची बंदूक महाराष्ट्रातल्या गावागावांत नावाने माहीत आहे. थ्री नॉट थ्री म्हणजे नळीचा व्यास ०.३०३ इंच, ७.७ मिलिमीटर. जेम्स पॅरिस ली याने आखलेला बोल्ट आणि लंडनजवळच्या एनफिल्ड कारखान्यातले नळीचे पेच, म्हणून ली-एनफिल्ड. १९०७ चे आखूड मॉडेल सर्वांत प्रसिद्ध झाले. वजन चार किलोच्या आसपास, लांबी ११३ सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. काळ्या दारूची जागा कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूने घेतली होती. ११.३ ग्रॅमची टोकदार गोळी सेकंदाला सुमारे ७४५ मीटर वेगाने निघते आणि बार झाल्यावर समोरचे लक्ष्य तसेच स्वच्छ दिसते. काळ्या दारूच्या बंदुका चालवून मग हिला हात लावणाऱ्याला धुराचा हा अभाव आधी जाणवतो.

हिचे खरे कौशल्य बोल्टमध्ये आहे. मूठ चापाच्या अगदी जवळ वाकवलेली, उचलण्याचा कोन लहान, मागे ओढण्याचे अंतर थोडे, आणि आतला घोडा बोल्ट पुढे ढकलतानाच ताणला जातो. त्यामुळे गाल दस्त्यावरून न उचलता उजव्या हाताने वर, मागे, पुढे, खाली ही चाल पुरी करता येते. पाच-पाच गोळ्यांची क्लिप वरून दाबली की मॅगझिन भरते. गोळ्यांच्या बुडाला कडा असल्याने वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेपुढे बसलेली असावी लागते. ती मागे अडकली तर बोल्ट पुढे सरकत नाही. चापाचे दोन टप्पे आहेत. पहिला हलका दाब, तिथे अडल्यासारखे वाटते, आणि मग दुसरा. इंग्रज सैन्यात एका मिनिटात ३०० यार्डांवर १५ नेमक्या गोळ्या ही शिपायाची कसोटी होती. म्हणजे दोन बारांमध्ये चार सेकंद. तोड्याच्या बंदुकीचा एक बार होईपर्यंत इथे दहाचे मॅगझिन रिकामे होऊन पुन्हा अर्धे संपलेले असते.

पहिल्या महायुद्धात १९१४ च्या सप्टेंबरअखेरीपासून फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरलेल्या हिंदी पलटणींना नव्या रायफली तिथेच देण्यात आल्या. युद्धाच्या तोंडावर शस्त्र बदलणे म्हणजे बोटांची सवय बदलणे, आणि त्यासाठी दिवस थोडे होते. मराठा पलटणी मुख्यत्वे मेसोपोटेमियात लढल्या आणि कुतच्या वेढ्यात ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ इतके दिवस अडकल्या. दुसऱ्या युद्धात टॉमीगनसारख्या हाती धरायच्या स्वयंचलित बंदुका आल्या, तरी मॅगझिन बदलण्याचा वेळ उरलाच. खेडच्या उत्तरेला असलेल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनच्या मोर्च्यावर एकट्याने चाल केली. हातबाँब फेकला, टॉमीगनने एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला सवड नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांचा निकाल लावला. त्यानंतर ते शत्रूच्या गोळीला बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे.

स्वातंत्र्यानंतरही ही रायफल गेली नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्याने तिलाच ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी अधिक बळकट पोलादात बनवले. लष्करात स्वयंभरण रायफल आल्यावर थ्री नॉट थ्री पोलिसांकडे आणि गृहरक्षकांकडे उतरली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात स्वयंचलित रायफलींपुढे जी जुनी शस्त्रे उभी राहिली, त्यांत ती होती. चार सेकंदांचा जो वेग १९१४ मध्ये अभिमानाचा होता, तो जवळपास शंभर वर्षांनी जिवावर बेतण्याइतका कमी ठरला. त्या रात्री ती हाती धरून जागा न सोडणाऱ्यांचे मोल त्याने घटत नाही.

कॉलेजच्या मुलामुलींपर्यंत या परंपरेतली पोहोचणारी बंदूक म्हणजे एनसीसीची पॉइंट टू-टू. गोळी अवघी २.६ ग्रॅमची. वर सांगितलेल्या हिशेबाने तिचा धक्का थ्री नॉट थ्रीच्या साधारण दहाव्या भागाएवढा, म्हणजे जवळपास नाहीच. म्हणून शिकायला ती उत्तम. पालथे पडणे, दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवणे, श्वास अर्धा सोडून थांबवणे आणि चाप झटका न देता दाबणे, हे सारे तिच्यावर शिकता येते. पाच गोळ्यांचा गट किती लहान पडला यावर नेम मोजला जातो. गट मध्यापासून दूर असला तरी चालतो, कारण तो दर्शिका सरकवून मध्यावर आणता येतो. विखुरलेल्या गोळ्यांना मात्र सरावाशिवाय इलाज नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकले, त्यातली रायफल याच व्यासाची. गुडघ्यावर, पालथे आणि उभे या त्या प्रकारातल्या तिन्ही स्थिती पायदळाच्या कवायतीतूनच खेळात आल्या आहेत.

जुनी बंदूक चालवण्याआधी जाणकाराकडून तिची तपासणी आवश्यक असते. नळीत तडा किंवा खोल गंज, बोल्ट आणि काडतुसाच्या बुडात वाढलेली फट, सैल झालेला दस्ता, यांतले काहीही आढळले तर ती भिंतीवर राहिलेली बरी. मैदानावर नळी सदैव लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर आणि कानांवर संरक्षण. लाल निशाण फडकत असताना कोणी पुढे जायचे नाही. चाप ओढूनही बार झाला नाही, तर बंदूक लक्ष्याकडे तशीच धरून किमान अर्धे मिनिट थांबायचे, कारण जुनी दारू कधी कधी उशिरा पेटते. ठासणीच्या बंदुकीत शिंगातून थेट नळीत दारू ओतायची नाही. मोजलेले माप वेगळे घेऊन तेवढेच ओतायचे, म्हणजे आत निखारा राहिला असला तरी हातातले शिंग पेट घेत नाही.

शेवटचे काम सफाईचे, आणि कोकणात ते दुप्पट काळजीने करावे लागते. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते. थ्री नॉट थ्रीच्या जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाने नळीत मिठासारखा क्षार राहतो आणि तो तेलाने जात नाही, पाण्याने जातो. म्हणून शिपाई नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतत. त्याने क्षार विरघळतो आणि तापलेली नळी आपोआप सुकते. मग पुलथ्रूच्या दोरीला चिंधी अडकवून ती बुडाकडून तोंडाकडे ओढायची. चिंधी काळी निघते तोवर नव्या चिंध्या, कोरडी पांढरी निघाली की तेलाची एक. दमट हवेत दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा एकेक चिंधी फिरवावी लागते. ती पांढरी बाहेर आली की बंदूक कपाटात जाते.